बर्गेन कसं पाहावं: पावसाच्या बंदरात तीन दिवस

स्कँडिनेव्हियाच्या बहुतेक टूरमध्ये बर्गेनच्या वाट्याला एखादी रात्र येते. दुपारी बस येते, बंदरावरच्या रंगीत लाकडी घरांसमोर फोटो होतात, डोंगरावर जाऊन खाली येईपर्यंत जेवणाची हाक येते आणि सकाळी सगळे फियॉर्डच्या, म्हणजे उभ्या डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांच्या, रस्त्याला लागतात. त्यात पाऊस लागला, आणि इथे तो लागतोच, तर डोंगरावरून फक्त ढग दिसतो. मग परत आल्यावर लोक म्हणतात, ‘बर्गेन ठीक होतं.’

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर १०७०च्या सुमारास राजा ओलाव क्युर्रे याने वसवलं असं मानतात. पुढची कित्येक शतकं ते नॉर्वेतलं सर्वांत मोठं शहर होतं. ते एका संध्याकाळीत हाती लागणार नाही. माझं सरळ मत असं की किमान तीन रात्री ठेवा आणि तारीखवार कार्यक्रम ठरवू नका. कोरडा वेळ मिळाला की डोंगर, सरी लागल्या की संग्रहालय, भल्या सकाळी लाकडी गल्ल्या. आभाळ बघून दिवस आखला तर हे शहर भरभरून देतं. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

कधी जावं

बर्गेनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईतही साधारण तेवढाच पडतो, पण आपला चार महिन्यांत उरकतो आणि यांचा बारा महिने पुरतो. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस थोडाफार तरी पाऊस असतो. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७च्या जानेवारीपर्यंत इथे सलग ८५ दिवस पाऊस पडला होता. कारण भूगोलात आहे: अटलांटिकवरून येणारी ओलसर हवा शहराभोवतीच्या डोंगरांना धडकून वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. कोकण आणि सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यातल्या त्यात कोरडे महिने मे आणि जून. मेअखेरीपासून जूनमध्ये दिवस एवढा लांबतो की रात्री दहा वाजताही बाहेर पुस्तक वाचता येतं. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी माणसं पारंपरिक पोशाखात रस्त्यावर असतात आणि शाळकरी वयाच्या मुलांची ‘बुएकोर्प्स’ नावाची ढोलपथकं शहरभर घुमतात. दृश्य बघण्यासारखंच, पण दुकानं बंद आणि हॉटेलं महाग. मेच्या शेवटी बर्गेनचा आंतरराष्ट्रीय संगीत-नाट्य महोत्सव सुरू होतो. तो १९५३पासून चालू आहे. त्याही दिवसांत खोली आधी धरून ठेवावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा ऊबदार, म्हणजे पंधरा ते वीस अंश, पण गर्दीही तेव्हाच. सप्टेंबरपासून पाऊस वाढतो. डिसेंबरमध्ये साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. आखाती प्रवाहाच्या कृपेने थंडी मात्र ओस्लोपेक्षा सौम्य असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मेचा दुसरा पंधरवडा किंवा जून धरावा.

व्हिसा आणि तिकिटं

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून शेंगेन व्हिसाच लागतो. तुम्ही डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असे फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथून आत शिरणार तो देश. नॉर्वेसाठी आधी त्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून शुल्क भरायचं, मग व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्रात जाऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. पंधरा दिवस ही कागदावरची मुदत आहे. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडचा सुट्टीचा हंगाम, भेटीच्या वेळा भरून गेलेल्या असतात, तेव्हा अडीच-तीन महिने हाताशी ठेवा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम येऊन पडलेली दिसली तर शंका घेतली जाते. पगार, बचत, खर्च असा नेहमीचा प्रवाह दिसू द्या.

भारतातून बर्गेनला एका झेपेत जाता येत नाही. आखातातून किंवा फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, कोपनहेगन असं बदलून जायचं. पण शक्य असेल तर ओस्लोला उतरा आणि पुढे रेल्वेने जा. ओस्लो-बर्गेन रेल्वे १९०९मध्ये सुरू झाली. साडेसहा-सात तासांच्या या प्रवासात गाडी जंगलं आणि तळी ओलांडत हार्डांगरविद्दा या उघड्या पठारावर चढते. फिन्से हे स्टेशन १,२२२ मीटरवर आहे. तिथे जूनमध्येही बर्फ दिसतं आणि रस्त्याने तिथवर मोटार जात नाही. ‘वी’ या रेल्वे कंपनीची सवलतीची तिकिटं आधी काढणाऱ्यालाच मिळतात. तारीख पक्की झाली की लगेच घ्या, आयत्या वेळी भाडं दुपटीवर जाऊ शकतं.

बॅग भरताना

छत्री घरी ठेवा. बर्गेनचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्रीच्या काड्या पहिल्याच कोपऱ्यावर उलटतात. टोपी असलेलं, खरोखर पाणी न शिरणारं जाकीट घ्या. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं अर्ध्या तासात हार मानतं. आत पातळ लोकरी बनियन, वर फ्लीस. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण चढावर घाम येतो आणि थांबलं की हुडहुडी भरते. बुटाचा तळ पकड घेणारा हवा. जुन्या गल्ल्यांत पायाखाली लाकडी फळ्या असतात, रस्त्यांवर गोटे, आणि दोन्ही ओले झाले की साबणासारखे. बॅकपॅकला पावसाचं आवरण आणि मोज्यांचे जास्तीचे जोड न विसरता.

खाण्याच्या पुड्या भरताना एक नियम लक्षात ठेवा: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या, तुपाची बरणी हे सगळं बाहेर. वाटेत फ्रँकफर्टला किंवा ॲमस्टरडॅमला सामान घेऊन बाहेर पडलात तरी तोच नियम. चिवडा, भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलात भाजलेल्या उपम्याचं पीठ, दूध-तूप नसलेले लाडू चालतात. पाकीटबंद आणि घटक छापलेले असले की विचारणाऱ्याला उत्तर देणं सोपं जातं.

आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा अ‍ॅडाप्टर लागतो. वीज मात्र आपल्यासारखीच २३० व्होल्टची.

विमानतळ, ट्राम आणि मुक्काम

फ्लेसलांद विमानतळातून बाहेर पडताच ‘बीबानेन’ ही ट्राम उभी असते. तीच शहराच्या मधोमध, बीपार्केनला, पाऊण तासात सोडते. विमानतळाची खास बस थोडी लवकर पोहोचवते पण भाडं कितीतरी जास्त. टॅक्सीचा विचार चौघं असाल आणि रात्र फार झाली असेल तरच करावा. ट्राम आणि शहर बस यांचं तिकीट एकच, ठरावीक मिनिटं चालतं, आणि ‘स्किस’ या ॲपवर किंवा थांब्यावरच्या यंत्रावर कार्डाने मिळतं. चढायच्या आधी घ्या. दरवाजात कोणी अडवत नाही, पण तपासनीस अधूनमधून येतात आणि दंड जबर असतो.

राहायला जागा शोधताना नकाशावरचं अंतर बघू नका, चढ बघा. फ्लोयन डोंगराच्या उतारावरची पांढरी लाकडी घरं फोटोत मोहक दिसतात. पण गोट्यांच्या पायऱ्यांवरून चोवीस किलोची बॅग वर नेताना मोह उतरतो. सामान असेल तर रेल्वे स्टेशन, मार्केन रस्ता, बीपार्केन या सपाट पट्ट्यात राहा. नूर्दनेस हे बंदराच्या पलीकडचं टोकही शांत आणि चालत गाठता येणारं. हॉटेलच्या दरात न्याहारी धरलेली आहे का ते बघा. नॉर्वेतली हॉटेलची न्याहारी म्हणजे ब्रेड, अंडी, चीज, फळं, दही, मासे असं भरलेलं टेबल असतं आणि ती नीट केली तर दुपारचं जेवण हलक्यावर निभावतं. घरातल्यांसह असाल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट केव्हाही फायद्याचं.

ब्रिग्गेन: आठच्या आत

बंदरात मोठी क्रूझ जहाजं येतात आणि एकेक जहाज हजारो माणसं उतरवतं. कोणत्या दिवशी कोणती जहाजं लागणार याचं वेळापत्रक बर्गेन बंदराच्या संकेतस्थळावर असतं. ते पाहून ठेवा. जहाज असो-नसो, ब्रिग्गेनला, म्हणजे बंदरावरच्या जुन्या लाकडी घरांच्या वस्तीला, मात्र सकाळी आठच्या आत पोहोचा. त्या वेळी गल्ल्यांत फक्त तुमच्या बुटांचा आवाज असतो.

वोगन या खाडीच्या काठाला तोंड करून उभी असलेली ही टोकदार छपरांची रांग १९७९पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरून दिसते ती केवळ दर्शनी बाजू. खरी गंमत मागे आहे. दोन घरांच्या मधल्या अरुंद लाकडी बोळात शिरा. पुढे वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या, बाहेरून चढणारे जिने, माल उचलायच्या कप्प्या, आणि कुठेही काटकोन नसलेल्या भिंती. खालची जमीन शतकानुशतकांच्या भरावाची आणि ओंडक्यांच्या पायांची आहे. भूजल खाली गेलं की हे ओंडके कुजतात आणि घरं खचतात, म्हणून जुन्या सुतारकामाच्या पद्धतीने दुरुस्ती कायम चालू असते.

या घरांची कहाणी माशाची आहे. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर कॉड मासा मिठाशिवाय, नुसत्या गार वाऱ्यावर लाकडी मांडवांवर सुकवतात. वेसाव्याला वलांडीवर बोंबील सुकतात तसाच प्रकार, फक्त मासा हाताएवढा आणि काम उन्हाऐवजी थंडी करते. हा सुका कॉड वर्षानुवर्षं टिकतो. मध्ययुगात युरोपभर उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालायचा. त्यामुळे मागणी अफाट. उत्तरेला धान्य पिकत नव्हतं, जर्मन व्यापाऱ्यांकडे ते होतं. १३६०च्या सुमारास ल्यूबेक आणि इतर जर्मन शहरांच्या हान्सा या व्यापारी संघाने बर्गेनमध्ये आपली पेढी थाटली आणि राई देऊन मासा घ्यायचा हा व्यापार पुढे चारशे वर्षं, १७५४पर्यंत, चालवला. त्यांच्या चिन्हात अर्धा दोन तोंडांचा गरुड आणि अर्धा मुकुट घातलेला सुका मासा आहे. पोटाची खूण एवढ्या प्रामाणिकपणे मिरवणारे व्यापारी विरळाच!

इथे राहणारे सगळे पुरुष. लग्नाला बंदी. पोरवयात जर्मनीहून आलेली मुलं उमेदवारी करायची आणि नव्या पोरांची ‘दीक्षा’ भयंकर असायची: धुरात टांगणं, पाण्यात बुडवणं, फटके. लाकडी घरांत आगीला मनाई होती, म्हणून हिवाळ्यातसुद्धा अंधारात आणि थंडीत काम. शेकोटी, स्वयंपाक आणि जेवण यांसाठी मागे वेगळी घरं होती, त्यांना ‘शोत्स्तुए’ म्हणतात. मारिया चर्चच्या शेजारी ती आजही पाहता येतात आणि ती चुकवू नका. खाडीच्या आतल्या टोकाशी असलेलं प्रसिद्ध हान्सा संग्रहालय २०१८पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं आहे. जाण्याआधी ते उघडलं का हे बघून घ्या.

इतकी काळजी घेऊनही आग लागायचीच. १७०२च्या आगीत सगळं जळालं आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभं राहिलं. आज दिसतात ती घरं त्यानंतरची. १९५५मध्ये पुन्हा मोठा भाग जळाला. त्या राखेखाली उत्खनन झालं आणि रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी कोरलेल्या शेकडो काड्या मिळाल्या. राजे-सरदारांचे लेख नव्हेत, साध्या माणसांच्या चिठ्ठ्या: मालावरची नावं, प्रेमाचे निरोप, उधारीची बोलणी. एका काडीवर लिहिलंय, ‘गीदा म्हणते, घरी चल.’ हा निरोप बहुधा दारूच्या गुत्त्यात बसलेल्या नवरोबासाठी असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या वस्तू शेजारच्या ब्रिग्गेन संग्रहालयात आहेत. उत्खननातला पायाच इमारतीच्या पोटात जपला आहे. फार मोठं नाही, तासाभरात होतं.

एक खूण सांगून ठेवतो. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की डावीकडची लाकडी घरं जुनी आणि उजवीकडची विटांची टोकदार घरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, जुनी पाडून त्यांच्याच धाटणीत बांधलेली. बरेच लोक त्या विटांच्या घरांचे फोटो काढून ‘मध्ययुगीन’ म्हणून टाकतात.

खाडीच्या दोन काठांनी

ब्रिग्गेनवरून पुढे चालत गेलं की बर्गेनहुस किल्ला लागतो. आवारात प्रवेश फुकट. होकोन हॉल हा दगडी दरबार १२६१मध्ये राजपुत्र मॅग्नुसच्या लग्नासाठी पूर्ण झाला. शेजारचा रोझेनक्रांट्झ बुरूज १५६०च्या दशकातला. २० एप्रिल १९४४ रोजी, जर्मन ताब्याच्या काळात, किल्ल्यासमोर स्फोटकं भरलेलं ‘फोर्बोडे’ नावाचं डच जहाज फुटलं. दीडशेहून अधिक माणसं मेली, हॉलचं छप्पर उडालं, आणि जहाजाचा नांगर काही किलोमीटर लांब सांदविक्सफ्येल डोंगरावर जाऊन पडला. तो तिथे अजून आहे. बुरुजाच्या अरुंद जिन्यांवरून वर चढणं गुडघे धड असतील तरच.

किल्ल्यामागून सांदविकेनच्या बाजूला वळा. इथे पर्यटक एकदम विरळ होतात. पांढऱ्या लाकडी घरांमधून वर-खाली जाणारे बोळ, दारात फुलांच्या कुंड्या, खिडकीत मांजर. ही लोकांची राहती घरं आहेत. खिडकीतून आत डोकावणं, पायरीवर बसून फोटो काढणं टाळा. पुढे ‘गाम्ले बर्गेन’ हे जुन्या लाकडी घरांचं उघडं संग्रहालय आहे.

शहरात चालताना मध्येच अवाढव्य रुंद रस्ते लागतात, तोर्गआल्मेनिंगनसारखे. मिरवणुकीसाठी नाहीत ते. लाकडी शहरात एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला उडू नये म्हणून मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या पट्ट्या आहेत. १९१६च्या आगीनंतर त्या आणखी रुंद झाल्या.

कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत एक तोफगोळा रुतलेला आहे, तो शोधा. १६६५च्या ऑगस्टमध्ये पूर्वेकडून मालाने भरून परतणारा डच ईस्ट इंडिया कंपनीचा ताफा या खाडीत आश्रयाला आला होता आणि इंग्रजांनी त्यावर हल्ला केला. इंग्रज हरले. आशियातल्या मसाल्यांवरून झालेल्या भांडणाचा गोळा बर्गेनच्या देवळात बसला, असं म्हणायला हरकत नाही.

पलीकडच्या काठाला जायचं तर उन्हाळ्यात ‘बेफेन’ नावाची चिमुकली फेरीबोट खाडी ओलांडते. प्रवास काही मिनिटांचा. नूर्दनेसच्या टोकाला बाग आणि मत्स्यालय आहे. लहान मुलं बरोबर असतील तर पाऊस आला की तिथेच जा.

डोंगर: ढग उघडले की बाकी सगळं सोडून

शहराभोवती सात डोंगर मोजायची पद्धत आहे. त्यातले दोन तुमच्या कामाचे. फ्लोयन ३२० मीटर उंच आहे आणि त्यावर जाणारी फ्लोयबानेन ही तारेने ओढली जाणारी रेल्वे १९१८पासून चालते. मासळी बाजारापासून दोन मिनिटांवर तिचं स्टेशन, पाच-सहा मिनिटांत वर. दहा ते चार या वेळात रांग लांब असते. तिकीट ऑनलाइन घ्या, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सातनंतरचं. माझा आग्रह असा की एकेरी तिकीट काढावं आणि उतरताना चालावं. पाऊण तासाची वळणावळणांची पाऊलवाट आहे. झाडांमधून खाडी दिसत राहते आणि शेवटी तुम्ही थेट जुन्या घरांच्या बोळात उतरता. वर पोचल्यावर कठड्यापाशी गर्दीत उभं राहून परत फिरू नका. पाच मिनिटं मागे गेलं की पाइनचं जंगल, छोटं तळं आणि उन्हाळ्यात मोकाट चरणाऱ्या बकऱ्या.

उल्रिकन, ६४३ मीटर, सातांतला सर्वांत उंच. बसने पायथ्याशी जाऊन रोपवे घ्यायचा. वारा वाढला की रोपवे बंद होतो, म्हणून निघायच्या आधी संकेतस्थळ पाहा. चालायची हौस असेल तर नेपाळी शेर्पा कारागिरांनी रचलेल्या १,३००हून जास्त दगडी पायऱ्या चढून जा. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्याला जमतील, पण दम काढतात. उल्रिकनवरून फ्लोयनपर्यंत विद्देन पठारावरची चाल पाच-सहा तासांची आहे. ती निव्वळ स्वच्छ हवेत करायची. धुकं उतरलं की दगडांच्या खुणा दिसेनाशा होतात.

हवामानासाठी ‘यर’ हे नॉर्वेच्या हवामान संस्थेचं ॲप वापरा. त्यात तासातासाचा अंदाज आणि पावसाचं रडार असतं. गार आणि ऊबदार हवेच्या सीमा आखून हवामानाचा अंदाज सांगायची आधुनिक पद्धत हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्येर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस याच शहरात उभी केली. इतका पाऊस पाहून दुसरं सुचणार तरी काय! दोन सरींच्या मधला दीड तास रडारवर दिसला की जेवण सोडून डोंगर गाठा.

पावसाच्या दिवसाची सोय

शहराच्या मधल्या तळ्याकाठी ‘कोदे’ संग्रहालयाच्या इमारती आहेत. त्यातल्या रास्मुस मेयर संग्रहात एडवर्ड मुंकची चित्रं आहेत, ओस्लोच्या मानाने कितीतरी कमी गर्दीत.

संगीताचा कान असेल तर त्रोल्दहाउगेनला जा. संगीतकार एडवर्ड ग्रीग १८८५पासून १९०७मध्ये मरेपर्यंत तिथे उन्हाळे काढायचा. पाण्याच्या काठाला त्याची रचना करायची एका खोलीची झोपडी आहे, आत पियानो आणि खिडकीसमोर टेबल. त्याची समाधी जवळच्याच कड्यात कोरलेली आहे. उन्हाळ्यात दुपारी छोट्या मैफली होतात. बीबानेनने ‘होप’ थांब्यावर उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. त्याच मार्गावर ‘फान्तोफ्त’ थांब्याजवळ काळ्या लाकडाचं स्टाव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर उभारलेलं मध्ययुगीन धाटणीचं चर्च आहे. मूळ चर्च १९९२मध्ये जाळण्यात आलं, आत्ताचं १९९७ची प्रतिकृती. वेळ असेल तर, नाहीतर राहू द्या.

बर्गेन कार्ड घ्यावं का? २४ तासांपासून पुढे वेगवेगळ्या मुदतीचं मिळतं. बस-ट्राम मोफत, बरीच संग्रहालयं मोफत किंवा सवलतीत. दिवसाला तीन ठिकाणी आत जाणार असाल तर परवडतं. डोंगर आणि गल्ल्यांतच रमणार असाल तर पैसे वाया.

फियॉर्डचा एक दिवस

‘नॉर्वे इन अ नटशेल’ नावाने विकली जाणारी फेरी बर्गेनहून एका दिवसात होते. रेल्वेने वोस, तिथून बसने गुदवांगेन, पुढे दोन तास बोटीने नॅरोयफियॉर्डमधून फ्लोम. ही फियॉर्ड सर्वांत अरुंद जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि २००५पासून जागतिक वारसा यादीत आहे. फ्लोमहून मिरदालपर्यंतची रेल्वे २० किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून अधिक चढते, मध्ये धबधब्यापाशी फोटोसाठी थांबते. मिरदालला गाडी बदलून परत बर्गेन. सगळे टप्पे स्वतः वेगवेगळे काढता येतात आणि थोडे पैसे वाचतात. पण एक गाडी हुकली की पुढचं कोलमडतं, म्हणून दोन टप्प्यांमध्ये भरपूर वेळ ठेवा. तुम्ही ओस्लोहून रेल्वेने येणार असाल तर ही फेरी त्याच वाटेत, मिरदालला उतरून करा. तोच रूळ दोनदा कशाला?

एवढा वेळ नसेल तर बर्गेनच्या धक्क्यावरून मोस्त्राउमेनपर्यंत जाऊन येणारी साडेतीन तासांची बोट आहे. अर्ध्या दिवसात फियॉर्डची चव मिळते, आणि ढगाळ हवेत ती जास्तच खुलते.

खाणं आणि पैसे

एक नॉर्वेजियन क्रोना साधारण आठ-नऊ रुपयांचा धरा. प्रत्येक किमतीला मनात गुणत बसलात तर कॉफीही घशाखाली उतरणार नाही, तेव्हा रोजची एक रक्कम ठरवून टाका. रोख रकमेची गरज जवळपास पडत नाही, स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड. परकीय व्यवहाराचं शुल्क कमी असलेलं कार्ड आणि एक दुसरं राखीव न्या. टिप देण्याची सक्ती नाही. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटली विकत घेऊ नका.

मासळी बाजार बघायला जरूर जा, पण जेवायला बसण्याआधी दर विचारा. तो कित्येकदा शंभर ग्रॅमचा असतो आणि खेकड्याचं बिल आल्यावर चेहरा पडतो. माशाचं दाट सूप हा बेताच्या पैशातला चांगला पर्याय. तिथे व्हेलचं मांस विकायला असतं. ते पाकीट सोबत घेऊन भारतात यायच्या फंदात पडू नका, कायदा आडवा येतो. बर्गेनची खासियत म्हणजे ‘शिलिंग्सबोल्ले’, दालचिनी-साखरेचा गुंडाळलेला मोठा पाव. सकाळी गरम मिळाला तर उत्तम. तपकिरी रंगाचं, किंचित गोडसर ‘ब्रूनुस्त’ चीज पातळ काप करून ब्रेडवर खातात.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. शहरात भारतीय रेस्टॉरंटं आहेत, पिझ्झा-फलाफल आहे. पण रोज बाहेर खाणं खिशाला झेपत नाही. रेमा १०००, किवी, एक्स्ट्रा या दुकानांत ब्रेड, दही, फळं, चिरलेल्या भाज्यांची पाकिटं, डब्यातला राजमा आणि तांदूळ मिळतात. त्यात घरचा मसाला पडला की झालं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, काही छोटीच उघडी राहतात, म्हणून शनिवारी सामान भरून ठेवा. दुकानातली बिअर आठवड्यात रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंतच मिळते. वाइन आणि त्याहून कडक काही हवं असेल तर ‘विनमोनोपोल’ या सरकारी दुकानातच, आणि तेही रविवारी बंद.

खरेदीत लोकरी स्वेटर घेण्यासारखा. दाले हे विणकामाचं गाव बर्गेन-वोस रेल्वेवरच आहे आणि तिथली कंपनी १८७९पासून लोकरीत आहे. मोठ्या खरेदीवर पर्यटकांना कराचा काही भाग परत मिळतो. दुकानात अर्ज मागून घ्या आणि वस्तू न वापरता, सील न फोडता ठेवा. देश सोडताना त्या दाखवाव्या लागतात.

तब्येतीची अडचण आली तर रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. तातडीचं नसलेलं पण थांबण्यासारखंही नसलेलं दुखणं असेल तर ११६११७.

परतीच्या विमानाला ट्रामने जाणार असाल तर बीपार्केनहून किमान तीन तास आधी निघा. पाऊण तास ट्राममध्ये जातो, कराचा परतावा घ्यायचा तर रांग असते, आणि ट्राममध्ये सामानाला वेगळी जागा नसल्याने सकाळच्या कामाच्या गर्दीत दोन मोठ्या बॅगा घेऊन पहिल्याच गाडीत शिरता येईल याची खात्री नाही.